बार्बेक्यूसाठी रिब्ज: कुठल्या घ्याव्यात, कशा शिजवाव्यात?

मंदआच (प्रश्न)

झाकण असलेली गोल कोळशाची शेगडी आहे, जाळीचा व्यास ५७ सेंमी. चिकन, मासे, भाज्या वगैरे पटकन भाजले जाणारे प्रकार तिच्यावर नीट होतात. आता रिब्ज करायच्या आहेत. पाकिटांवर बेबी बॅक, स्पेअर, सेंट लुइस, कंट्री स्टाइल अशी नावं असतात. बीफच्या आणि कोकराच्या रिब्ज आणखी वेगळ्या दिसतात. विचारायचं ते असं:

१. या प्रकारांत नेमका फरक काय आणि पहिल्यांदा कुठला घ्यावा?
२. सगळ्यांना एकच पद्धत चालते का?
३. ३-२-१ हा तासांचा हिशेब सगळीकडे वाचायला मिळतो. तो पाळावा का?
४. आधी उकडून मग भाजल्या तर लवकर होतात म्हणतात. खरं आहे का?
५. आठ माणसांना किती लागतील?

---

बल्लव

नावं बाजूला ठेवून आधी प्राण्याची बरगडी डोळ्यासमोर आणा. ती पाठीच्या कण्यापासून निघते आणि वळसा घेऊन छातीच्या हाडाकडे येते. कण्याजवळच्या स्नायूंना काम कमी असतं, त्यामुळे तिथलं मांस मऊ आणि कमी चरबीचं. छाती-पोटाकडच्या स्नायूंना सतत राबावं लागतं. तिथे चरबी जास्त आणि स्नायूंना बांधून ठेवणारं कोलॅजेनचं चिवट जाळंही जास्त. तुकडा बरगडीच्या कुठल्या टोकाचा आहे, कसा कापला आहे आणि कण्याजवळचं मऊ मांस त्यावर ठेवलं आहे की काढून घेतलं आहे, एवढं कळलं की मंद आचेवर चार-सहा तास ठेवायचा की झटपट उतरवायचा, हे बहुधा ठरतं. प्राणी कुठलाही असो.

पोर्कचं बघू.

बेबी बॅक कण्यालगतच्या असतात, लॉइन (कण्यालगतचं मऊ मांस) कापून काढल्यावर उरलेल्या. पिल्लाच्या नव्हेत, पूर्ण वाढलेल्या डुकराच्याच. एका पट्टीत साधारण १० ते १३ हाडं, वजन पाऊण ते सव्वा किलो, बाक चांगलाच. चरबी कमी असल्याने लवकर होतात आणि वेळ चुकली तर कोरड्याही लवकर पडतात.

स्पेअर रिब्ज पोटाकडच्या. हाडं लांब, चपटी, बरीचशी सरळ. पट्टी सव्वा ते दोन किलोची. खालच्या कडेला छातीचं हाड आणि कोवळ्या हाडांची पट्टी चिकटलेली असते. वेळ जास्त लागतो, पण चव या भागाला जास्त आणि अर्धा तास इकडेतिकडे झाला तरी बिघडत नाही. ती कोवळ्या हाडांची कड आणि छातीचं हाड काढून चौकोनी केलेली स्पेअर म्हणजे सेंट लुइस. जाडी सगळीकडे सारखी असल्यामुळे शिजतेही सारखी. पहिल्यांदा करताय तर हीच घ्या.

अखंड स्पेअर स्वस्त मिळत असेल तर घरीच कापता येते. पट्टी हाडांची बाजू वर करून ठेवा. सगळ्यांत लांब हाड शोधा आणि त्याच्या खालच्या टोकाशी बोटाने दाबत जा. कडक हाड संपून कोवळं हाड सुरू होतं तिथे सांधा लागतो. तिथून सुरी अलगद जाते. जोर लावावा लागत असेल तर जागा चुकली आहे. त्या सांध्यातून पट्टीच्या लांबीला समांतर सरळ काप घ्या. हाडांच्या बाजूला मांसाची एक सैल झालर लटकत असते, तीही काढा, नाहीतर ती आधी करपते. हे तुकडे टाकू नका. कोवळ्या हाडांची पट्टी त्याच मसाल्यात, त्याच शेगडीवर शिजवून नंतर तुकडे केले तर खाणारे आधी त्यावरच तुटून पडतात.

कंट्री स्टाइल नावाखाली जे मिळतं ते बहुतेक वेळा रिब्ज नसतातच. लॉइनचं खांद्याकडचं टोक किंवा खुद्द खांदा लांबट कापून विकतात, आणि एकाच ट्रेमध्ये दोन्ही तुकडे असू शकतात. गडद, चरबीच्या रेषा असलेला तुकडा खांद्याचा. तो मंद आचेवर ९० अंश सेल्सिअसपर्यंत न्यावा लागतो. फिकट, एकसंध तुकडा लॉइनचा. तो ६३ अंशांना उतरवून तीन मिनिटं ठेवला की झाला. दोन्ही एकाच वेळी ठेवले तर एक वातड राहणार किंवा दुसरा भुशासारखा होणार. वेगळे करा, नाहीतर घेऊच नका.

विकत घेताना काय बघायचं:

हाडांच्या वर मांसाचा थर हवा, निदान दीड-दोन सेंटीमीटर. मांसाखालून पांढरं हाड डोकावत असेल तर कापणाऱ्याने जास्त खरवडलं आहे. त्या जागी हाड उघडं पडून काळं होतं आणि शेजारचं मांस सुकतं. चरबी मांसात बारीक विखुरलेली असावी, वर जाड थापलेली नको. पट्टीची दोन्ही टोकं साधारण सारख्या जाडीची हवीत. फ्रोझन पाकिटात बर्फाचे मोठे खडे किंवा लालसर पाण्याचा गोठलेला थर असेल तर ते मधे वितळून पुन्हा गोठलंय असं समजा.

आणि पाकिटावरची बारीक अक्षरं वाचाच. मिठाचं पाणी टोचलेलं आहे असं लिहिलेलं असेल तर त्या मांसाला वेगळं मीठ लावू नका. रिब्ज खारट होण्याचं हे फार नेहमीचं कारण आहे, आणि दोष मात्र मसाल्याला दिला जातो.

आठ जणांना: हाडासकट माणशी अर्धा किलो कच्चं धरा. म्हणजे बेबी बॅकच्या चार पट्ट्या किंवा सेंट लुइसच्या तीन. एक अडचण आहे. ५७ सेंमीच्या जाळीवर कोळसा एका बाजूला ठेवून पट्ट्या आडव्या दोनच बसतात, त्याही कशाबशा. जास्तीच्या उभ्या ठेवायचा स्टँड मिळतो. तो नसेल तर पट्टी गोल वळवून टोकं लाकडी काडीने टोचा आणि उभं कडं करून ठेवा. कड्यांमधे दोन बोटं तरी अंतर राहू द्या, नाहीतर आतल्या बाजूला धूर पोचत नाही.

---

धूरकर

वरच्याशी सहमत. मी विस्तवाकडून सुरुवात करतो, कारण चांगल्या रिब्ज बिघडतात त्या बहुतेक तिथेच.

या शेगडीवर पाच-सहा तास एकसारखी मंद आच हवी असेल तर कोळशाचा साप करा. कोळशाच्या एकसारख्या गोळ्या, म्हणजे ब्रिकेट, शेगडीच्या भिंतीलगत मांडायच्या: खाली दोनांची रांग, वर दोनांची रांग, साधारण दोन तृतीयांश वर्तुळ होईल इतकी. पहिल्या अर्ध्या भागावर मुठीएवढे लाकडाचे तीन-चार तुकडे अंतराअंतराने ठेवा. आठ-दहा गोळ्या वेगळ्या पेटवून, त्यांच्यावर राख धरली की सापाच्या एका टोकाला ठेवायच्या. विस्तव हळूहळू पुढे सरकतो. मधल्या मोकळ्या जागेत पत्र्याचा ट्रे आणि त्यात गरम पाणी. गार पाणी ओतलं तर पहिला अर्धा तास कोळसा ते पाणी तापवण्यातच खर्च होतो.

नैसर्गिक लाकडी कोळसा वेड्यावाकड्या तुकड्यांचा असतो, त्याचा साप मधेच विझतो किंवा एकदम भडकतो. तोच वापरायचा असेल तर कोळसा एका बाजूला, मांस दुसऱ्या बाजूला, आणि दर पाऊण तासाला मूठ-दोन मुठी पेटवलेला कोळसा घालायची तयारी ठेवा. लवकर पेटावा म्हणून ज्यात रसायन मुरवलेलं असतं तो कोळसा सापाला अजिबात नको. न पेटलेल्या गोळ्या एकेक करून पेट घेत असतात आणि त्यांचा रॉकेलसारखा वास सहा तास मांसात मुरत राहतो.

वरची झडप मांसाच्या बाजूला येईल असं झाकण फिरवा आणि ती पूर्ण उघडी ठेवा. आच खालच्या झडपेने सांभाळायची. पाव उघडीपासून सुरुवात करा. एकदा हलवली की पंधरा मिनिटं हात लावायचा नाही. पाच मिनिटांत परिणाम दिसत नाही म्हणून आणखी उघडली की तापमान १५०च्या वर जातं, आणि वर गेलेलं खाली आणायला फार वेळ लागतो. म्हणून खालून वर चढत लक्ष्याच्या दहा अंश अलीकडेच झडप कमी करायला लागा.

जाळीपाशी ११० ते १२० अंश सेल्सिअस हवं. जाळीपाशी म्हणतोय, झाकणावर नव्हे. झाकणातला तापमापक मांसापेक्षा बराच वर असतो, त्यात आणि जाळीत सहज १५-२० अंशांचा फरक निघतो. जाळीला चिकटवायचा साधा डिजिटल तापमापक मांसापासून चार-पाच सेंटीमीटरवर लावा. मांसाला चिकटून लावला तर गार मांसाचंच तापमान दाखवेल.

धूर पातळ, निळसर असावा, जेमतेम दिसेल असा. दाट पांढरा किंवा पिवळट धूर म्हणजे लाकूड नीट जळत नाही. त्याचा कडवट, डांबरी थर मांसावर बसतो आणि जिभेला झिणझिण्या आणतो. तसा धूर निघत असेपर्यंत मांस ठेवू नका. लाकूड पाण्यात भिजवायचा सल्ला कुठे वाचाल तर सोडून द्या. पाणी आत फारसं शिरत नाही, वरचं वाफ होऊन जाईपर्यंत फक्त कोंदट धूर निघतो. सफरचंद, चेरी यांसारखी फळझाडं पोर्कला सौम्य पडतात, ओक आणि हिकरी तीव्र. पाइनसारखं राळ असलेलं लाकूड, रंगवलेलं किंवा प्लायवूडचं लाकूड कधीच नाही.

आता मांस.

हाडांच्या बाजूला एक पारदर्शक पापुद्रा असतो. तो शिजून विरघळत नाही, चामड्यासारखा होतो, मसालाही आत जाऊ देत नाही. मधल्या एखाद्या हाडावर बोथट सुरी किंवा चमच्याचा दांडा पापुद्र्याखाली सारा, बोट जाईल एवढा उचला, कागदी रुमालाने पकड घ्या आणि ओढा. ओल्या बोटांतून तो सटकतो, म्हणून रुमाल. टोकापासून सुरू केलं तर बहुधा फाटतो, मधून सुरू केलं तर पुष्कळदा एकसंध निघतो.

मीठ वेगळं, मसाला वेगळा. दर किलोला, हाडासकट वजन धरून, ६ ते ८ ग्रॅम मीठ लावून चार ते बारा तास फ्रीजमध्ये उघडं ठेवा. मीठ आत मुरतं, पृष्ठभाग कोरडा होतो आणि वरचा थर छान धरतो. बाकीचे मसाले वरच राहतात, ते तासभर आधी चोळले काय किंवा शेगडीवर ठेवताना चोळले काय, सारखंच. दोन पट्ट्यांना पुरेल असा बिनमिठाचा मसाला: पाप्रिका २ मोठे चमचे, ब्राउन शुगर २ मोठे चमचे, जाडसर मिरपूड १ मोठा चमचा, लसूण पावडर आणि कांदा पावडर प्रत्येकी १ छोटा चमचा, मोहरी पावडर अर्धा छोटा चमचा, तिखट आवडीप्रमाणे. हाडांच्या बाजूला थोडा, मांसाच्या बाजूला जास्त.

मांस थेट फ्रीजमधून शेगडीवर गेलं तरी चालतं, उलट बरंच. गार आणि ओलसर पृष्ठभागावर धूर चांगला धरतो. म्हणूनच सगळं लाकूड पहिल्या दोन तासांत खर्ची पडावं अशी मांडणी वर दिली.

११० ते १२० अंशांना बेबी बॅकला ४ ते ५ तास, सेंट लुइसला ५ ते ६. मधे मांसाचं तापमान ६५-७५च्या आसपास तासभर अडकून बसेल. पृष्ठभागावरचं पाणी उडत राहतं आणि मांसाला गार ठेवतं, अंगाला घाम येऊन गार वाटावं तसं. घाबरून कोळसा वाढवू नका. थांबा, किंवा फॉइलमध्ये गुंडाळा.

३-२-१ म्हणजे तीन तास धुरात, दोन तास फॉइलमध्ये, एक तास उघडं आणि सॉस. हा हिशेब जाड, अखंड स्पेअरसाठी आणि १०७ अंशांसाठी आहे. तोच बेबी बॅकला लावला की दोन तासांच्या वाफेत मांसाचा लगदा होतो. घड्याळावर गुंडाळण्यापेक्षा रंग बघून गुंडाळा: गडद तांबूस-तपकिरी रंग आला, नखाने खरवडलं तरी मसाला निघत नाही, की वेळ झाली. फॉइल दुहेरी, मांसाची बाजू खाली, आत सफरचंदाचा रस किंवा पाणी दोन-तीन मोठे चमचे, त्याहून जास्त नाही. कपभर ओतलंत तर ते उकडणंच झालं. बेबी बॅकला पाऊण तास, सेंट लुइसला एक ते सव्वा तास पुरतो. उघडताना वाफ तोंडावर येते, लांबूनच उघडा.

सॉस शेवटच्या वीस-तीस मिनिटांत, पातळ दोन हात. त्यात साखर असते. आधीपासून लावला तर काळा आणि कडू होतो.

झालं की नाही हे तापमापकापेक्षा वाकवून कळतं. चिमट्याने पट्टी एका टोकापासून एक तृतीयांश अंतरावर पकडून उचला. दुसरं टोक वाकून खाली झुकलं आणि वाकते तिथे वरच्या थराला भेग पडली, की उतरवा. ताठ राहिली तर आणखी वीस मिनिटं. तुटून दोन तुकडे झाले तर उशीर झाला. टूथपिक दोन हाडांच्या मधे टोचली तर विनाअडथळा आत जायला हवी. हाडांची टोकं अर्धा-एक सेंटीमीटर उघडी पडलेली दिसतात, पण तेवढ्यावर विसंबू नका. आच जास्त झाली तर ती लवकरच उघडी पडतात. तापमानच बघायचं तर दोन हाडांच्या मधे ९० ते ९५. थर इतका पातळ असतो की टोक हाडाला टेकून आकडा फसवा येतो.

---

तिसरं हाड

@धूरकर, फॉइलबद्दल वेगळं मत नोंदवतो. बेबी बॅकला फॉइल लागतच नाही. १२० ते १२५ अंशांवर, मधे एकदाही न गुंडाळता, साडेचार तासांच्या आत होतात आणि वरचा थर खमंग, कोरडा राहतो. फॉइलमध्ये गेला की तो थर ओला होतो आणि नंतर उघडा ठेवूनही पहिल्यासारखा येत नाही. स्पेअरला गुंडाळावं, मान्य.

दर अर्ध्या तासाला रस फवारायची जी पद्धत आहे तिच्याबद्दलही. प्रत्येक फवाऱ्याने पृष्ठभाग गार होतो आणि झाकण उघडल्याने आच जाते, दोन्ही मिळून एकूण वेळ वाढतो. पहिले दोन तास झाकण उघडायचंच नाही. त्यानंतर एखादी जागा सुकलेली दिसली तर तेवढीच ओली करायची.

मांस हाडावरून गळून पडणं ही काहींच्या मते उत्तम शिजल्याची खूण आहे. माझ्या मते तो वीस-तीस मिनिटं जास्त शिजल्याचा पुरावा आहे. चावा घेतला तिथलं मांस हाडावरून स्वच्छ सुटावं आणि शेजारचं जागेवर राहावं. पण घरी खाणाऱ्यांना गळणारंच आवडत असेल तर वाद घालू नका, अर्धा तास जास्त ठेवा.

---

मंदआच

खूप उपयोगी. साप करून बघतो. बीफ आणि कोकराबद्दल कुणी सांगेल का? आणि आतला भाग गुलाबी दिसला तर कच्चा समजायचा का?

---

बल्लव

गुलाबीचं आधी. पृष्ठभागापासून आत अर्धा-एक सेंटीमीटर गुलाबी कडं हे धुरामुळे येतं. धुरातला नायट्रिक ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड मांसातल्या मायोग्लोबिनला (मांसाला लाल रंग देणाऱ्या प्रथिनाला) चिकटतात आणि शिजल्यावरही तो रंग टिकतो. ९० अंशांपर्यंत गेलेलं मांस गुलाबी असलं तरी पूर्ण शिजलेलं आहे. त्या कड्याने चवीत काही फरक पडत नाही, फक्त देखणं दिसतं.

बीफमध्ये चार गोष्टी वेगवेगळ्या समजा.

बॅक रिब्ज: कण्याकडच्या, वरचं महागडं स्टेकचं मांस काढून घेतलेलं. एका पट्टीत बहुधा सात हाडं, मांस मुख्यतः हाडांच्या मधे. दिसायला भव्य, खायला कमी. ११५ ते १२० अंशांवर चार-पाच तास. घेताना पट्टी उजेडात धरून हाडांमधलं मांस बघा. हाडांवर काहीच नसेल तर पैसे हाडांचे देताय.

प्लेट शॉर्ट रिब्ज: सहावी, सातवी, आठवी बरगडी, खालच्या बाजूची. तीन हाडांचा तुकडा दोन-अडीच किलोचा आणि त्याहून मोठाही असतो, वर चार-पाच सेंटीमीटर जाड मांस. बार्बेक्यूला बीफमध्ये याच्यासारखं दुसरं नाही. मीठ आणि जाडसर मिरपूड, बाकी काही नको. मांसाच्या बाजूचा चरबीचा थर आणि चंदेरी पापुद्रा काढा, हाडांच्या बाजूचा पापुद्रा मात्र राहू द्या: त्या बाजूने कुणी खात नाही आणि शिजल्यावर हाडं तोच धरून ठेवतो. १२० ते १३५ अंशांवर सहा ते आठ तास. आतलं तापमान ९५ ते ९८, पण खरी खूण ही की तापमापकाची सळई मऊ लोण्यात जावी तशी जाते. ९५ला अडत असेल तर उतरवू नका. सापाचा कोळसा इतका वेळ पुरणार नाही, चार तासांनी त्याच्या शेपटाला आणखी गोळ्या जोडा.

उतरवल्यावर दहा-पंधरा मिनिटं उघडं, मग कागदात गुंडाळून टॉवेलसकट थर्माकोलच्या किंवा बर्फ ठेवायच्या रिकाम्या खोक्यात तासभर. लगेच कापलंत तर रस पाटावर जातो. ६०च्या खाली मात्र जाऊ देऊ नका. माणशी एक हाड भरपूर होतं.

चक शॉर्ट रिब्ज: खांद्याखालच्या, दुसरी ते पाचवी बरगडी. हाडं आखूड, पद्धत प्लेटसारखीच. सुटी हाडं कापून मिळाली तर चार-पाच तासांत होतात, कारण आच चारी बाजूंनी लागते.

हाडांना आडव्या कापलेल्या पातळ पट्ट्या, ज्यांच्या कडेला तीन-चार हाडांच्या गोल चकत्या दिसतात: हा चौथा प्रकार आणि याची तऱ्हा उलटी. सहा ते आठ मिलिमीटर जाडी असेल तर मंद आचेवर ठेवायचाच नाही. कोरियन पद्धतीत सोया सॉस, साखर, लसूण, तिळाचं तेल आणि किसलेलं नाशपाती यांत दोन-चार तास मुरवून सणसणीत निखाऱ्यावर एका बाजूला दोन-तीन मिनिटं भाजतात. भाग तोच चिवट, पण धागे आडवे कापले गेल्यामुळे दाताला चिवटपणा लागत नाही. तीन-चार सेंटीमीटर जाड काप मिळाले तर मात्र पुन्हा मंद आचच.

---

धूरकर

कोकराचं थोडक्यात. रॅक म्हणजे कण्याकडची सात-आठ हाडांची पट्टी. ती स्टेकसारखी वागवायची. आधी कोळशापासून लांब, झाकण लावून, मग शेवटी निखाऱ्यावर दोन्ही बाजू दोन-दोन मिनिटं. खाद्यसुरक्षेचा आकडा ६३ अंश आणि तीन मिनिटं विश्रांती. आत गुलाबी आवडणारे ५५-५७लाच उतरवतात. सहा तास धुरात ठेवली तर महाग मांसाची माती होते.

छातीकडची पट्टी, जी कोकराचं ब्रेस्ट म्हणून मिळते, ती मंद आचेची. तिच्यात थरांच्या मधे चरबी फार. वरची जाड चरबी कापा, मधली वितळू द्या. १२० अंशांना चार-पाच तास, ९०-९३पर्यंत. खाली ट्रे हवाच, नाहीतर ठिबकणारी चरबी पेट घेते आणि काजळीचा वास लागतो. ही चरबी गार होताच थिजून टाळूला चिकटते, म्हणून गरम वाढा आणि सोबत काहीतरी आंबट ठेवा. गोड, घट्ट सॉस इथे जड होतो. लाकूडही कमी, एक-दोन तुकडे.

बोकडाच्या बरगड्यांवर मांस पातळ आणि चरबी नावालाच. नुसत्या धुरात त्या मऊ व्हायच्या आत वाळतात. तासभर धूर द्या, मग खोलगट ट्रेमध्ये कपभर स्टॉक किंवा पाणी घालून फॉइलने घट्ट झाका आणि १३५ अंशांना दीड-दोन तास. शेवटी तेल लावून निखाऱ्यावर पाच मिनिटं. जनावर मोठ्या वयाचं असेल तर झाकलेला वेळ तासभर वाढवा.

कच्ची पपई, अननस असलं काही कुठल्याच मंद आचेच्या रिब्जना लावू नका. त्यातली एन्झाइम वरच्या दोन-तीन मिलिमीटरचं पीठ करतात, आतलं कोलॅजेन तसंच राहतं. ते विरघळवायला उष्णता आणि वेळ लागतो, दुसरा मार्ग नाही.

---

मंदआच

उकडण्याबद्दल आणि ओव्हनबद्दल राहिलं. आयत्या वेळी पाऊस आला किंवा वेळच कमी असला तर?

---

तिसरं हाड

भांडंभर पाण्यात उकडलं तर मांस मऊ होतं, यात खोटं काही नाही. पण मीठ, चव आणि कोलॅजेन विरघळून झालेलं जिलेटिन पाण्यात उतरतं. तुम्ही ते पाणी ओतून देता आणि चव सॉसमधून परत आणायला बघता. शिवाय पृष्ठभाग भिजलेला असल्याने मसाला धरत नाही.

ओव्हन कितीतरी बरा. मीठ-मसाला वरीलप्रमाणे, ट्रेवर जाळी, जाळीवर पट्टी. १३५ अंशांना फॉइलने झाकून दोन तास, मग उघडं तास-सव्वा तास, वाकवून बघायची परीक्षा तीच. शेवटी सॉस लावून वरच्या ग्रिलखाली तीन-चार मिनिटं, आणि त्या वेळात दुसरं काही करायला जायचं नाही. धूर हवाच असेल तर दोन तास शेगडीवर काढून उरलेलं ओव्हनमध्ये करा. त्यानंतर धूर फारसा धरत नसल्यामुळे चवीत तोटा जवळजवळ नाही.

प्रेशर कुकर त्याहून घाईचा. तळाला कपभर पाणी, जाळीवर तुकडे उभे, पूर्ण दाब आल्यावर बेबी बॅकला २० मिनिटं, सेंट लुइसला २५. दाब दहा मिनिटं आपोआप उतरू द्या, मगच सोडा. गरम असताना उचलले तर हाडं हातात येतील. पंधरा मिनिटं निवू द्या, कोरडे पुसा, मसाला चोळा, निखाऱ्यावर दहा मिनिटं सॉस लावत उलटसुलट. धुराची चव नाही आणि वरचा थरही जेमतेम, पण सव्वा तासात पान वाढता येतं.

---

बल्लव

वेळेचं गणित मागून करा. जेवण आठला असेल तर सेंट लुइस साडेसातला उतरायला हवी. म्हणजे दीडला मांस जाळीवर, पाऊणला विस्तव पेटलेला. वर अर्धा-पाऊण तास राखीव ठेवा, म्हणजे मांस पाऊणला आणि विस्तव बाराला. लवकर झाल्याच तर फॉइलमध्ये गुंडाळून ७०च्या आसपास तापलेल्या ओव्हनमध्ये तासभर आरामात राहतात. उशीर झाला तर मात्र आच वाढवून काही मिळत नाही. बाहेरून काळं आणि आतून वातड होतं.

वातड लागल्या की लोक समजतात जास्त शिजल्या. बहुतेक वेळा उलटं असतं: कोलॅजेन अजून विरघळलेलं नसतं. मांस हाडाला घट्ट धरून असेल आणि रबरासारखं ताणलं जात असेल तर फॉइलमध्ये आणखी अर्धा तास. जास्त शिजलेलं ओळखू येतं, ते कोरडं, तुकडे पडणारं आणि पिठूळ असतं. त्याला उपाय नाही, तोडून सॉसमध्ये घोळवा.

कच्च्या मांसाला लावलेला ब्रश आणि उरलेला सॉस शिजलेल्यावर वापरायचा नाही. सॉस दोन वाट्यांत आधीच वेगळा काढा. उरलेल्या रिब्ज दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, तीन-चार दिवस टिकतात. गरम करताना चमचाभर पाणी शिंपडून फॉइलमध्ये बंद, १२० अंशांना अर्धा तास, आत ७४ येईपर्यंत. मग वाटलं तर निखाऱ्यावर दोन मिनिटं.